लातुरात वेखंड लावायचं म्हणजे

वेखंड हे दलदलीतलं झाड. पाय चिखलात, डोकं उन्हात, असं ओढ्याकाठी जगणारं. आणि मी राहते लातुरात. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून रेल्वे आली ती ह्याच गावात. त्याच्या आधीच्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. अशा गावात कुणी पाणथळातलं झाड लावायला घेतलं तर लोक हसणारच, आणि हसले. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "मॅडम, रिटायर झाल्यावर लोक काशीला जातेत, तुम्ही चिखल कालवायलात!"

निमित्त घुटीचं झालं. २०१८ साली लेकीचं पहिलं बाळंतपण आमच्याकडं होणार होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घुटीचा डबा उघडला. बाळहिरडा, मुरडशेंग, जायफळ, सागरगोटा, अतिविष, सगळं जागेवर. वेखंडाचं मात्र बोटाच्या पेराएवढं थोटूक उरलेलं. मी गंजगोलाईत गेले. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकावर अत्ताराचं दुकान आहे. तिथून शंभर ग्रॅम आणलं. आत्याबाईंनी सहाणेवर एक वळसा दिला, बोट नाकाशी नेलं आणि कांडं माझ्या हातात परत ठेवलं.

"हे वेखंड न्हाई. लाकूड हाय."

एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळं बोलणं लागलं. म्हटलं, घरीच लावू. त्यात काय चुकलं आणि काय जमलं, ते लिहून ठेवते.

१. दुकानातलं वेखंड उगवत नाही.

हळकुंड पेरलं तर उगवत नाही, कारण ते शिजवून वाळवलेलं असतं, हे मला माहीत होतं. वेखंड शिजवत नाहीत, नुसतं वाळवतात. म्हणून मला वाटलं, भिजवलं की डोळे फुटतील. पाच कांडी कुंडीत लावली. आठव्या दिवशी ती टम्म फुगली, मला आनंद झाला. पंधराव्या दिवशी बोट लावलं तर बोट आत गेलं. कांडं पूर्ण सुकलं की डोळाही सुकतो, मग भिजवून फक्त कुजतं.

बी शोधत बसण्यातही अर्थ नाही. हे झाड वाढतं ते जमिनीलगत आडव्या पसरणाऱ्या कांड्यावर (पुस्तकात मूलक्षोड, घरात कांडं). युरोपात जे वेखंड पसरलंय त्याच्या गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्याला बी धरतच नाही. सोळाव्या शतकात ते तुर्कस्तानाकडून तिकडं गेलं, क्लुसियस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं १५७४ मध्ये व्हिएन्नात लावलं, आणि पुढं हातोहात तुकडे वाटत वाटत नदीनाल्यांपर्यंत पोचलं. तेव्हा ओलं, जिवंत कांडं मिळवायचं, दुसरा रस्ता नाही.

मला ते भाच्यानं आणून दिलं. तो बंगळुरूला असतो. तिथून तुमकूर जिल्हा जवळ, आणि त्या जिल्ह्यातल्या कोरटगेरे तालुक्यात वेखंडाची शेती होते, भातासारखं खाचरात पाणी धरून. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली सात कांडी रात्रीच्या बसनं आली. आत्याबाईंचं माहेर देवणीकडचं, कर्नाटकाच्या शिवेवरचं. गोणपाट सोडल्याबरोबर त्या आतल्या खोलीतून म्हणाल्या, "बजे आली व्हय?" कानडीत वेखंडाला बजे म्हणतात. अजून कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं, वासानंच कळलं.

२. हळदीसारखं खोल गाडू नका.

माझं माहेर वसमतकडचं, म्हणजे हळदीच्या मुलखातलं. कांडं दिसलं की चार बोटं खोल दाबायचं, हे हाताला लागलेलं. सातातली चार तशीच लावली आणि ती चारही गेली. उरलेली तीन माती कमी पडली म्हणून अर्धी उघडी राहिली होती, ती जगली. माझी पहिली बाग अशी माती कमी पडल्यामुळं उभी राहिली.

आता मी असं करते. कांड्याचे दोन-तीन डोळे येतील एवढे, साधारण दोन इंचांचे तुकडे करते. धारदार सुरी, एका घावात. चेचलेला काप कुजतो. जुनी पानं वीतभर ठेवून वरची छाटते, नाहीतर मुळं धरायच्या आत पानंच पाणी ओढून घेतात. मग तुकडा चिखलावर आडवा निजवते आणि फक्त अंगाखालची बाजू रुतेल एवढा दाबते. पाठ उघडी राहिली पाहिजे. म्हैस डबक्यात बसते तसा. दोन तुकड्यांत वीतभर अंतर. मृगाचा पाऊस पडून हवा निवली की लावायचं, तीन आठवड्यांत नवं पान तलवारीसारखं वर येतं.

३. रोप विकत घ्यायचं तर आधी चुरगळा.

चार कांडी मेल्यावर घाईनं एका रोपवाटिकेतून "वेखंड" म्हणून दोन रोपं आणली. सहा महिने जोपासली. दिसायला हुबेहूब, पान चुरगळलं तर गवताचा वास. सहा महिने मी एकदाही वास घेतला नव्हता, हे मुलांना सांगण्यासारखं नाही.

खऱ्या वेखंडाचं पान कुठंही मोडा, गोडसर, उग्र, थोडा संत्र्याच्या सालीकडं झुकणारा वास येतो. पानाची मधली शीर बरोबर मध्ये नसते, एका बाजूला सरकलेली असते. पुष्कळदा एक कड बारीक चुणीदार असते, इस्त्री न केलेल्या साडीच्या काठासारखी. फूल आलं तर पानाच्या मध्यातूनच बाजूला बोटाएवढं हिरवट कणीस निघतं. माझ्याकडं सात वर्षांत दोनदा आलं. ह्या कणसामुळंच पूर्वी त्याला अळूच्या कुळात घालत. आता ते आणि त्याचे मोजके भाऊबंद एवढ्यांचंच वेगळं कूळ आहे, आणि एकदल वनस्पतींच्या वंशात सगळ्यांत आधी वेगळी झालेली फांदी ती हीच, असं शास्त्रज्ञ मानतात. गहू, ज्वारी, ऊस, केळी, सगळ्यांच्या आधीची. मी हे आत्याबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे माझ्यावानी."

४. भांडं उथळ आणि पसरट हवं, आणि लातुरात ते घरोघरी आहे.

२०१६ नं आम्हाला निळे ड्रम दिले. दोनशे लिटरचे, दारात, जिन्याखाली, न्हाणीघरात, काही घरांत पलंगाच्या पायथ्याशी. पुढं बरे पाऊस झाले तरी ते फेकायची कुणाची छाती होत नव्हती, आमचीही नाही. पाच ड्रम होते. बऱ्याच वादावादीनंतर दोन मला मिळाले. वेल्डिंगवाल्याकडून उभे चिरून घेतले, चार कढया झाल्या. बुडाला भोक पाडायचं नाही. काठापासून चार बोटं खाली, बाजूला एकच भोक, पावसाळ्यातलं जास्तीचं पाणी निघून जायला.

मातीची मात्र चैन आहे. गुलाबाला नको असलेली आपली काळी, चिकट, पाणी धरून बसणारी माती वेखंडाला फार मानवते. तीन घमेली माती, एक घमेलं जुनं शेणखत, पाय घालून तुडवायचं. वाळू नाही, कोकोपीट नाही.

चीनमधले जुने पंडित तर मातीसुद्धा घालत नसत. वेखंडाचा एक बुटका, बारीक पानांचा भाऊबंद तिकडं आहे, त्याचं कांडं त्यांच्या वैद्यकात स्मरणशक्तीसाठी वापरतात. तो हे पंडित उथळ ताटलीत, गोटे आणि स्वच्छ पाणी एवढ्यावर अभ्यासाच्या मेजावर ठेवत. आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या कवींनी त्यावर लिहिलंय. मीही ताटली करून पाहिली, आपलं थोराड वेखंड त्यात घातलं. दोन महिन्यांत ताटली उलथली. ज्याचं त्याला.

५. त्याला पाणी लागतं, नळाचं लागतं असं नाही.

इथं मला सगळ्यांत जास्त शिकावं लागलं. २०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या भागात नळ दहा दिवसांनी येत होता. धनेगावच्या मांजरा धरणात किती पाणी उरलंय हे लातुरात भाजीच्या भावासारखं विचारलं जातं. अशा दिवसांत झाडाला प्यायचं पाणी घालणं मनाला पटत नाही, आणि घरात ते खपतही नाही. आमच्या ह्यांनी स्वच्छ सांगितलं, "तुझ्या चिखलाला टँकर मागवणार नाही."

मग मी आठवडाभर घरातून वाया जाणारं पाणी वहीत मांडलं. पहिला मोठा आकडा आला तो पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा. एक लिटर शुद्ध करताना ते दोन-तीन लिटर बाहेर सोडतं. मला खजिना सापडला! सगळं पाणी वेखंडाला. दोन महिने उत्तम. तिसऱ्या महिन्यात पानांची टोकं तपकिरी झाली, मग कडा करपल्या, आणि चिखलावर पांढरी साय धरली. यंत्र पाण्यातले क्षार काढतं म्हणजे ते बाहेरच्या नळीत घालतं. आमच्या बोअरचं पाणी मुळात इतकं जड की डाळ शिजत नाही, त्याचे गोळा केलेले क्षार मी बिनभोकाच्या भांड्यात रोज ओतत होते. भांड्यातून पाणी उडून जातं, मीठ राहतं. आठवीच्या मुलांना बाष्पीभवन शिकवणारी मी. वहीत त्या दिवशी नुसतं "अरेरे" लिहिलंय.

एसीचं पाणी चांगलं, ते हवेतून आलेलं, क्षार नसलेलं. पण मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की नळीतून थेंब येत नाही, आणि पावसाळ्यात बादली भरते तेव्हा झाडाला गरज नसते.

शेवटी जमलं ते असं. तांदूळ आणि डाळी धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी सगळं वेखंडाला. मीठ किंवा साबण लागलेलं एक थेंबही नाही. एवढ्यावर चार कढया मार्चपर्यंत निभतात. एप्रिल-मेमध्ये यंत्राचं पाणी निम्म्याला निम्मं मिसळून, तेही एका वेळेआड. आणि पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत कढया पन्हाळीखाली सरकवायच्या, भोकातून गढूळ पाणी वाहू द्यायचं, वर्षभराचे क्षार धुऊन जातात. ह्या कामाला मी पावसात भिजत जाते आणि घरातले खिडकीतून बघतात.

६. डास.

पाणी मातीच्या वर उभं ठेवायचंच नाही. माती बोटानं दाबली की पाणी वर यावं आणि बोट काढलं की खाली जावं, एवढंच. वेखंडाला तेवढं पुरतं आणि डासाला पुरत नाही. वर गोट्यांचा थर दिला की आणखी बरं. घरोघर डबकी तपासत फिरणाऱ्या आरोग्यसेविकेनं पहिल्या वर्षी कढई पाहून भुवया उंचावल्या होत्या. आता ती एक रोप घेऊन गेलीय.

७. मे महिन्यात ते मेलेलं दिसतं.

दिसू द्या. बेचाळीस अंशांत पानं पिवळी पडतात, लोळतात, कागदासारखी वाळतात. हिरवी जाळी बांधा, दुपारची सावली मिळेल अशा जागी सरकवा, तरी थोडं हे होतंच. कांडं जिवंत आहे का ते नखानं खरवडून बघायचं. आत पांढरट-गुलाबी आणि वास असेल तर आहे.

हे मला माहीत नव्हतं तेव्हा, तिसऱ्या वर्षी, एक अख्खी कढई मी मेली म्हणून मोरीच्या कडेला उपडी केली आणि विसरून गेले. जुलैत भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, मोरीपाशी मका उगवलाय." मका नव्हता. माझ्या सगळ्या कढयांतल्या वेखंडापेक्षा ते आज उंच आहे, कमरेच्या वर. त्याला खत नाही, पाण्याचं वेळापत्रक नाही, साबणाचा थेंब नाही हा माझा नियमही नाही. मोरीतून झिरपेल ते पितं. चिडल्यासारखं होतं कधी कधी.

८. पानं फेकू नका.

चीनमध्ये पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या दिवशी, म्हणजे आपल्या ज्येष्ठाच्या सुमाराला, वेखंडाची पानं दवण्याच्या जातीतल्या एका झाडाच्या डहाळ्यांबरोबर दाराला बांधतात. तलवारीसारखं पान रोगराईला दारातच अडवतं, ही श्रद्धा. आपण गुढीला कडुनिंब बांधतो, तसंच म्हणा. मी एका वर्षी गंमत म्हणून चार पानं चौकटीला लावली. कुरिअरवाल्या पोरानं विचारलं, "कुणाचं व्रत हाय?" चीनचं म्हणून सांगितलं तर तो पाकीट देऊन घाईनं निघून गेला.

छाटलेली पानं मी सावलीत वाळवून गाद्यांखाली घालते.

९. वाण लुटायचं तर संक्रांतीला नको.

चौथ्या वर्षी कढया खचाखच भरल्या. कांडं कडेला धडकून परत फिरतं आणि एकमेकांवर चढतं, वर्षातून एकदा फोडून लावलंच पाहिजे, नाहीतर सगळी पानं केसासारखी बारीक होतात. एवढ्या तुकड्यांचं करायचं काय? प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा बरं म्हणून संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून वेखंड दिलं. एकवीस रोपं, प्रत्येकीला कागदावर सूचना लिहून. बायका खूश.

होळीपर्यंत चौकशी केली. चार जिवंत. जानेवारीच्या थंडीत वेखंड निजलेलं असतं, नवी मुळं टाकत नाही, आणि लगेच पुढं उन्हाळा. दोघींनी तुळशीच्या वृंदावनात लावलं होतं, तिथं तुळशीला चालेल एवढंच पाणी. एकीनं फ्रिजवर ठेवलं होतं.

आता मी आषाढात फोडते आणि मंगळागौरीला देते. कागद देत नाही. एवढंच सांगते, जिथं तुमचं सांडपाणी मुरतं तिथं लावा.

१०. काढणी.

वर्ष पूर्ण झालेलं, पानं पिवळी पडू लागलेलं कांडं काढायचं. मुळं काढून, धुऊन, बोटभर तुकडे करून सावलीत वाळवायचं. पुरतं वाळल्यावर गोणपाटात घालून घासलं की उरलेली तंतुमुळं निघून जातात. साल खरवडू नका, तेलाचा मोठा भाग सालीकडंच असतो. बाजारात गोरंगोमटं सोललेलं वेखंड दिसतं ते लाकूड का लागतं, ते तेव्हा कळलं. एका कढईतून पाऊण किलो ओलं निघालं, वाळून पाव किलोलाही कमी भरलं.

११. आणि घुटी.

ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यावर बालरोगतज्ज्ञांनी लेकीला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, सहा महिने आईचं दूध, दुसरं काही नाही. घुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. मी तेव्हा मनातून नाराज झाले होते. मग वाचलं. वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसारोन नावाचं द्रव्य असतं, उंदरांवरच्या प्रयोगांत त्यानं गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेनं १९६८ मध्ये वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. आणि हे द्रव्य सगळ्यांत जास्त असतं ते आपल्याकडच्या वेखंडात. उत्तर अमेरिकेतल्या जातीत ते जवळजवळ नसतंच. म्हणजे ज्या वासावर आत्याबाई भाळल्या तो अस्सल, आणि तेवढाच जपून वापरायचा.

आयुर्वेदात वचेचं नाव मोठं आहे. वच् म्हणजे बोलणं, तिथून वचा. तामिळनाडूत त्याला मुलं वाढवणारं म्हणतात. ही परंपरा मी उडवून लावत नाही. पण शास्त्रातलं वेखंड वैद्य शोधून, मोजून देतो. आपण घरी सहाणेवर अंदाजानं वळसे देतो. तान्ह्या मुलाच्या बाबतीत मी अंदाजाच्या बाजूनं नाही. न्हाऊ घातल्यावर अंगाला वेखंडाची पूड चोळायचंही बंद केलं, ती नाकातोंडात जाते.

मग पाव किलो वेखंडाचं काय होतं? ज्वारीच्या कणगीत जातं, किडा लागत नाही. रेशमी साड्यांत जातं. पुस्तकांच्या कपाटात जातं. तंजावरला सरफोजी राजांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जुन्या पोथ्यांना कसर लागू नये म्हणून पुरचुंड्या ठेवत, त्यांत लवंग, मिरी, दालचिनी, कापराबरोबर वेखंड असे. माझ्या कपाटात पोथ्या नाहीत, आठवीची विज्ञानाची पुस्तकं आहेत, तीही सुखरूप आहेत.

आत्याबाई मात्र घुटी बंद केली म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी सहाण आणि पाण्याची वाटी घेऊन स्वतःच पडवीत बसल्या.

"डोकं दुखायलंय," म्हणाल्या. "लेकराला न्हाई देत तर न्हाई. मी काय तान्ही हाव? उगाळ, अन् कपाळाला लाव."

मी मोरीपाशी उगवलेल्यातलं कांडं घेतलं. दुसऱ्या वळशालाच त्यांनी डोळे मिटले.